वितळण्यासाठी ठेवलेली तार

मोटारीच्या आतबाहेर लावायच्या शोभेच्या दिव्यांचे पाकीट आता कोणत्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. पाकिटात एलईडीची पाच मीटरची पट्टी असते, तिला दोन बारीक तारा जोडलेल्या असतात आणि लाल तार बॅटरीच्या धन टोकाला, काळी गाडीच्या पत्र्याला, एवढीच सूचना असते. फ्यूज असतोच असे नाही. त्याबद्दल विचारले, तर दुकानदाराचे उत्तर ठरलेले: "अहो, बाराच व्होल्ट तर आहेत, शॉक थोडाच बसणार आहे!"

शॉक बसणार नाही, हे खरेच आहे. कोरड्या त्वचेतून १२ व्होल्ट जाणवण्याइतकाही प्रवाह सोडत नाहीत. पण तार तापते ती व्होल्टमुळे नव्हे, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. ही गोष्ट नीट मोजून दाखवली गेली, त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली.

मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये दारूच्या भट्टीचा धंदा करणाऱ्या घरातला जेम्स प्रेस्कॉट जूल हा तरुण १८४० साली तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून त्यातून विजेचा प्रवाह सोडत होता आणि पाण्याचे तापमान किती चढते ते पाहत होता. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. तिप्पट केला की नऊपट. १८४१ साली त्याने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हे सूत्र आपण दहावीच्या वर्गात शिकवतो. त्यावरची उदाहरणे बहुधा इस्त्री आणि शेगडीची असतात. एक उदाहरण मोटारीचे करून पाहू.

अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घ्या, लांबी तीन मीटर. तिचा रोध सुमारे ०.१ ओहम येतो. शोभेच्या दिव्यांसाठी तिच्यातून १ अँपिअर जात असेल, तर साऱ्या तारेत मिळून ०.१ वॅट उष्णता निर्माण होते. हात लावला तरी कळणार नाही. आता समजा, तारेच्या दिव्याकडच्या टोकाचे आवरण घासून गेले आणि तांबे पत्र्याला टेकले. मोटारीच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे एकूण रोध ०.११ ओहम आणि प्रवाह जवळजवळ ११० अँपिअर. उष्णता किती? ११० चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे १२०० वॅटच्या वर. पाणी तापवायच्या कांडीएवढी! ही उष्णता ज्या तांब्यात भरते आहे, त्याचे वजन आहे अवघे साडेतेरा ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता लक्षात घेतली, तर तारेचे तापमान दर सेकंदाला सुमारे २३० अंश सेल्सिअसने चढते. प्लास्टिकचे आवरण पहिल्या सेकंदातच वितळू लागते. तारेखाली गालिचा असतो, सीटचा फोम असतो, शेजारी इतर तारांची जुडी असते. विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर करायला लावावे. उत्तर आले की वर्ग थोडा वेळ गप्प होतो.

घरात असे सहसा एका तारेने घडत नाही. तेथे जाणारी आणि येणारी अशा दोन तारा एकमेकींना टेकाव्या लागतात. मोटारीत मात्र एकच उघडी जागा पुरते, कारण परतीची तार म्हणजे गाडीचा सगळा सांगाडाच असतो. ही काटकसर मोटारवाल्यांची नव्हे, तारायंत्रवाल्यांची. १८३८ साली कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की तारायंत्राला दुसरी तार लागत नाही, परतीचे काम जमीन करते. निम्मी तार वाचली. पुढे मोटारी आल्या तेव्हा जमिनीच्या जागी लोखंडी सांगाडा आला; शब्द मात्र तोच राहिला. गॅरेजमधला वायरमन आजही सांगाड्याच्या जोडणीला 'अर्थ' म्हणतो, जरी ती गाडी रबरी चाकांवर जमिनीपासून अलग उभी असते.

फ्यूजचा पहिला धागाही तारायंत्राशीच जोडलेला आहे. तारायंत्राच्या तारेवर वीज पडली की कचेरीतली यंत्रे जळत. घड्याळे आणि शास्त्रीय उपकरणे बनवणाऱ्या पॅरिसच्या घराण्यातल्या लुई ब्रेगे याने १८४७ साली सुचवले की कचेरीत शिरण्यापूर्वी तारेचा काही भाग मुद्दाम बारीक ठेवावा. एकामागोमाग एक जोडलेल्या तारांतून प्रवाह सारखाच वाहतो, पण बारीक तुकड्याचा रोध जास्त आणि वजन कमी. त्यामुळे तो आधी तापतो, आधी वितळतो आणि मागच्या यंत्रांचा रस्ता बंद होतो. कमकुवत दुवा नेहमी दोष समजला जातो. येथे तो हेतुपुरस्सर ठेवला होता.

थॉमस एडिसन घरोघरी वीज देण्याच्या तयारीला लागला, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न मोठ्या आकारात उभा राहिला. १८८० साली त्याने 'सुरक्षा-वाहका'चे पेटंट घेतले. दिव्याकडे जाणाऱ्या फांदीत बारीक तारेचा एक तुकडा बसवायचा, आणि तो वितळला तर तापलेला धातू खाली पडून काही पेटू नये म्हणून तुकड्याभोवती अवाहक आवरण ठेवायचे. काळजी उगीच नव्हती. न्यूयॉर्कमधल्या व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाच्या वाड्यात त्याच सुमाराला एडिसनने दिवे बसवले. त्यानेच पुढे सांगितलेली हकीकत अशी की भिंतीवरच्या भरजरी कापडातल्या धातूच्या कलाबतूला दोन तारा टेकल्या, त्या लालबुंद झाल्या आणि भिंत धुमसू लागली. घरच्या बाईसाहेबांना तळघरात बॉयलर आणि यंत्रे आहेत हेही तेव्हाच कळले. त्यांनी सगळेच काढून टाकायला लावले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, तोवर असा तुकडा त्याच्या व्यवस्थेचा भाग झालेला होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो बऱ्याच पुस्तकांतही दिसतो. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो, असे सांगितले जाते. व्हँडरबिल्टच्या वाड्यात दिव्यांना काहीच झाले नव्हते. पेटली होती ती भिंत, आणि पेटवली होती तारेने. फ्यूज मुख्यतः तारेचा राखणदार आहे. म्हणून तो किती अँपिअरचा असावा हे तारेच्या जाडीवरून ठरते, आणि तो कोठे असावा हे वीज कोठून येते त्यावरून. फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, जेवढी तार उरते तेवढी बिनराखणीची. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज म्हणजे वाड्याच्या आत, माजघराच्या दाराशी बसवलेला पहारेकरी.

मोटारीत वीज तशी उशिरा आली. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दिवे अॅसिटिलीनचे होते: कार्बाइडवर पाणी ठिबकायचे आणि निघणारा वायू पेटवायचा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत आणि फेरीवाल्यांच्या गाड्यांवर ज्या कार्बाइडच्या बत्त्या असत, त्यांच्याच जातीचे हे दिवे. कार्बनची तार असलेले विजेचे बल्ब रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तुटत. टंगस्टनच्या चिवट तारा निघाल्यावर ती अडचण संपली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेली व्यवस्था बसवण्यात आली. तीत इंजिन चालू करणारी मोटर, डायनॅमो, बॅटरी आणि दिवे एकत्र आले. हँडल मारण्याची कटकट गेली म्हणून ती गाजली. दिवे हा जणू तिचा जोडधंदा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५ मध्ये विजेचे दिवे मिळाले, पण बॅटरीशिवाय. वीज थेट इंजिनावरच्या मॅग्नेटोमधून येई, त्यामुळे गाडी हळू झाली की उजेड मंदावे. अंधाऱ्या वळणावर जेथे उजेड हवा, नेमका तेथेच तो कमी!

बॅटऱ्या पुढे बराच काळ ६ व्होल्टच्या होत्या. अमेरिकी गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यास १२ व्होल्टवर आल्या. कारण पुन्हा जूलचेच. ६० वॅटच्या दिव्याला घरातल्या २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर ५ आणि ६ व्होल्टवर १०. व्होल्ट कमी तितका प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तितकी तार जाड. बाराच व्होल्ट म्हणून हसणाऱ्या दुकानदाराला हे गणित दाखवायला हवे.

फ्यूज मात्र गाडीत कंजूषपणे दिले जात. १९४८ साली बाजारात आलेल्या मॉरिस मायनरमध्ये आणि तिच्या बरोबरीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत काचेच्या नळीतले दोनच फ्यूज असत, आणि पुढच्या दिव्यांना फ्यूजच नसे. रात्री भर वेगात दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा तार तापलेली परवडली, असा हिशेब त्यामागे दिसतो. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पुढे डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज देऊन ही कोंडी सुटली. त्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर असा आकडा असे आणि त्याने पुष्कळ घोटाळे केले. ब्रिटिश पद्धतीत तो आकडा फ्यूज उडण्याचा होता. सतत वाहण्याची त्याची क्षमता सुमारे १७ अँपिअर. अमेरिकी पद्धतीत सतत वाहण्याच्या क्षमतेच्या जवळचा आकडा छापत. ब्रिटिश फ्यूज उडाला म्हणून तसाच दिसणारा ३५ चा अमेरिकी फ्यूज लावला, की तारेवरची राखण निम्मी झालीच.

यापेक्षा मोठा घोटाळा जाणूनबुजून केला जाई. अमेरिकेत घरातला फ्यूज उडाला की त्याच्या मागे तांब्याचे नाणे सरकवायची खोड इतकी पसरली होती की तिच्याविरुद्ध प्रचार करावा लागला. आपल्याकडे किटकॅट फ्यूजमध्ये जाड तारेचे दोन पेड गुंडाळणारे महाभाग प्रत्येक गल्लीत सापडत. मोटारीत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजवर गुंडाळणे ही जगभरातली युक्ती. दिवा पुन्हा लागतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते. प्रत्यक्षात शॉर्ट तेथेच असतो. फक्त तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केलेले असते.

फ्यूजचा पुढचा इतिहास मग ही फसवणूक अवघड करण्याचा आहे, आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. अमेरिकेतल्या फ्यूज-अभियंत्यांच्या मंडळाने एसएफई नावाचे फ्यूज ठरवून दिले. त्यांची लांबी अँपिअरनुसार वाढत जाई, म्हणजे कमी अँपिअरच्या खाचेत जास्तीचा फ्यूज मावतच नसे. मूल चुकीच्या भोकात ठोकळा घालू शकत नाही, त्या खेळण्यासारखेच हे. युरोपात वेगळा मार्ग धरला गेला. दोन्ही टोकांना निमुळता चिनीमातीचा ठोकळा, त्याच्या अंगावर धातूची उघडी पट्टी आणि ठोकळ्याला रंग: पिवळा ५ अँपिअरचा, पांढरा ८ चा, तांबडा १६ चा, निळा २५ चा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या जुन्या मालकांना हे फ्यूज आठवत असतील, आणि दिवा गेला की फ्यूज बोटाने जरा फिरवून बघायची सवयही. टोकांवर गंज धरे, तेथला रोध वाढे आणि न उडालेला फ्यूजच तापू लागे. पुन्हा प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध.

१९७० च्या दशकाच्या मध्यास लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने दोन चपट्या पात्यांचा, पारदर्शक प्लास्टिकमधला फ्यूज आणला. आज आपण गाडीच्या फ्यूजबॉक्सचे झाकण उघडतो तेव्हा दिसतात ते हेच. आत जस्ताच्या मिश्रधातूची पट्टी असते. शुद्ध जस्त ४२० अंशांना वितळते, तांबे १०८५ ला. तांब्यावर वेळ येण्याआधी पट्टीने जावे, हा हेतू. तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. रंग लांबून ओळखता येतो, पण सगळ्यांचा आकार एकच. त्यामुळे १० च्या जागी ३० चा बसतो! एसएफईने मिळवलेले शहाणपण सोयीपायी येथे हरवले, असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय १० चा फ्यूज १० अँपिअरला उडत नाही. या फ्यूजच्या मानकानुसार तो ११ अँपिअरला शंभर तास टिकायला हवा, साडेतेराला दहा मिनिटांपर्यंत टिकू शकतो आणि २० अँपिअरला फार तर पाच सेकंद. पूर्ण शॉर्ट झाला तर तो क्षणात जातो. अर्धवट शॉर्ट, म्हणजे ओल धरलेला जोड किंवा तारेचा एखादा तंतू टेकलेला, ही खरी वाईट अवस्था.

आता पुन्हा शोभेच्या दिव्यांकडे येऊ. प्रकाश आणि मोटारीचा साज यांचे नाते जुने आहे. जॉर्ज क्लोद याने निऑनच्या नळ्या प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवल्या, त्या १९१० च्या पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात. १९८०–९० च्या दशकांत अमेरिकेतल्या हौशी तरुणांनी त्याच निऑनच्या नळ्या गाडीच्या पोटाखाली लावल्या. त्यांना काही हजार व्होल्ट लागत, म्हणून ट्रान्सफॉर्मर आला, आणि काच फुटली की सगळे संपले. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा याने झगझगीत निळा एलईडी सिद्ध केला. आकासाकी आणि अमानो यांच्यासह त्याला २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्यातून पांढरा प्रकाश करता आला, मग पट्ट्या आल्या, स्वस्त झाल्या आणि कोणालाही लावता येऊ लागल्या.

एलईडीला प्रवाह कमी लागतो. म्हणून तारा केसासारख्या चालतात, असा समज झाला. येथेच फसगत होते. दिवा चालवायला तार बारीक चालेल. पण शॉर्ट झाल्यावर तिच्यातून किती वाहील हे दिवा ठरवत नाही, मागचा फ्यूज ठरवतो. ०.२ चौरस मिलिमीटरची तार सिगारेट-लायटरच्या २० अँपिअरच्या फ्यूजवरून घेतली आणि अर्धवट शॉर्टने तिच्यातून १५ अँपिअर वाहू लागले, तर फ्यूज ढिम्म राहील आणि तारेच्या प्रत्येक मीटरमधून १९ वॅट उष्णता निघेल. साध्या सोल्डरिंग आयर्नची क्षमता २५ वॅट असते.

पूर्वी गाडीच काही इशारे देई. लुकास कंपनीचा सी-४० हा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देई. चार जादा दिवे लावले की डॅशबोर्डवरच्या अँपिअरमापकाचा काटा उलटा झुके आणि सगळे दिवे मंदावत. आजच्या अल्टरनेटरला अशा पट्ट्यांचा भार जाणवतही नाही. इशारा देणारा फ्यूज तेवढा उरला आहे.

मग जोडणी कशी असावी? पट्टीचा खप आधी काढावा. मीटरला १४.४ वॅटची पट्टी पाच मीटर लावली, तर ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर होतात. 'एलईडीला काय लागते' म्हणणाऱ्यांना हा आकडा पटत नाही. तिला एक चौरस मिलिमीटरची तार आणि १० चा फ्यूज योग्य. आतल्या दोन-चार छोट्या दिव्यांना ३ चा फ्यूज पुष्कळ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. गाडीच्या फ्यूजबॉक्समधून वीज घ्यायची, तर मूळ फ्यूज आणि नव्या तारेचा वेगळा छोटा फ्यूज दोन्ही धरणारा टॅप मिळतो, तो वापरावा. चालू तार सोलून तिच्यावर पीळ देऊ नये. एअरबॅगच्या तारा बहुधा पिवळ्या वेष्टनात असतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नये. पत्र्यातून तार नेताना भोकात ग्रॉमेट नावाची रबरी कडी हवीच, कारण पत्र्याची कड आणि इंजिनाचा थरकाप मिळून वर्षभरात आवरण कापतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर तोच शंभरांवर अँपिअरची तार होतो.

भार मोठा असेल, तर बटण आणि दिवा यांच्यामध्ये रिले लागतो. जोसेफ हेन्रीने १८३५ मध्ये दाखवलेली ही युक्ती: छोट्या प्रवाहाने विद्युतचुंबक चालवायचा आणि त्याने मोठ्या प्रवाहाचे दार उघडायचे. रिले हा शब्दही डाकेच्या ठाण्यावर दमलेले घोडे बदलण्याच्या पद्धतीवरून आला आहे. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातले. ३० म्हणजे थेट बॅटरी, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके. ३० ला येणाऱ्या तारेवरही फ्यूज हवा. रिले राखण करत नाही. आणि कायद्याचे एक: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीच्या पुढे तांबडा दिवा दाखवता येत नाही, त्यामुळे रंग निवडतानाही विचार करावा.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. टॉर्चचे दोन सेल, अडीच व्होल्टचा बल्ब आणि रंगाच्या दुकानात मिळणारी अगदी बारीक स्टील वूल घ्या. फरशीच्या तुकड्यावर दोन खिळ्यांमध्ये तिचे दोन तंतू ताणून बांधा आणि हा 'फ्यूज' बल्बच्या एकसर जोडणीत घ्या. बल्ब लावताच तंतू तुटले, तर एकेक वाढवत जा. ज्या संख्येला बल्ब निर्वेध जळतो, ती वहीत लिहून ठेवा. मग तारेच्या तुकड्याने बल्बची दोन टोके क्षणभर जोडा. तंतू लाल होऊन तुटतात, म्हणून जवळ कागद-कापूस नको आणि चेहरा लांब ठेवा. पुढच्या फेरीत तंतूंची संख्या दुप्पट, चौपट करून तेच करा आणि तुटायला किती वेळ लागतो ते पाहा. सेल टॉर्चचेच वापरा, मोटारीची बॅटरी या प्रयोगाला अजिबात नको. किती तंतूंनंतर ते तुटेनासे होतात आणि जोडतारच गरम लागू लागते, हे प्रत्येक गटाने स्वतंत्र शोधावे. आकडे वेगवेगळे येतात, कारण सेलही सारखे नसतात.